हनुवटीखालचा पट्टा

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. तिच्या रूपाचा नाही, तिच्या स्कूटीचाही नाही. हेवा होता तो तिच्या हेल्मेटच्या पट्ट्याचा.

आम्ही दोघी बीदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्या-औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होतो. आमचं गाव चिटगुप्प्याच्या रस्त्याला. ती स्कूटी चालवायची, मी मागं एका बाजूला पाय सोडून बसायचे. सकाळी निघताना माझा दीर दारात यायचा. लाल हेल्मेट दोन्ही हातांनी तिच्या डोक्यात घालायचा, हनुवटीखाली पट्टा ओढायचा, खट् असा आवाज व्हायचा आणि मग तो विचारायचा, "घट्ट व्हायलंय का?" ती मान हलवायची. लग्नाला सहा वर्षं झाली तरी हे रोज. आणि मी पोटाशी डबे धरून बाजूला उभी, आपल्याच अंगणात पाहुणी आल्यासारखी.

आमचे हे वाईट नाहीत. दारू नाही, हात उगारणं नाही. पण चौदा वर्षांत दिवसाउजेडी त्यांनी माझ्या हनुवटीला बोट लावल्याचं मला आठवत नाही. एकदा मी म्हणून बघितलं, "मला बी एक हेल्मेट घ्या की." ते म्हशीची पेंड कालवत होते. वर न बघताच म्हणाले, "मागं बसणारीला कामून पायजे? टपरीवर हायत की."

टपरीवर होती, हे खरं. कंपनीचा नियम कडक होता. चालवणारा असो की मागं बसणारा, हेल्मेट नसेल तर गेटमधून आत सोडत नसत. म्हणून गेटच्या अलीकडे चाचीच्या चहाच्या टपरीला पत्र्याच्या भिंतीवर खिळे ठोकलेले होते आणि प्रत्येक खिळ्याला एक हेल्मेट. गावागावांतून माणसं उघड्या डोक्यानं यायची, चहा प्यायची, खिळ्यावरचं हेल्मेट चढवायची आणि उरलेली पन्नासेक पावलं नियमानं जायची. सुटल्यावर हेल्मेट परत खिळ्याला. आत भिंतीवर कन्नडमध्ये मोठा बोर्ड होता, आमच्याकडे सगळे हेल्मेट वापरतात म्हणून. बोर्डात खोटं काही नव्हतं. गेटवर सगळेच वापरत होते. रस्त्यावर कोण पडलं, कुठल्या गावात रडारड झाली, ते बोर्डावर कुणी लिहीत नव्हतं.

माझ्या वाटणीचं हेल्मेट काळं होतं. दहा जणींच्या घामाचा वास आणि पट्ट्याचं लॉक तुटलेलं. मी गाठ मारायचे.

पॅकिंगच्या टेबलावर बायका बसल्या की माझी जीभ सुटायची. "आमच्या घरी रोज सकाळी लगीन असतंय," मी म्हणायचे. "नवरा सोता बाशिंग बांधून पाठवतोय." बायका खिदळायच्या. जावही हसायची, तिचे कान लाल व्हायचे. पण दुसऱ्या दिवशी परत दारात हनुवटी वर करून उभी. लाजून एक दिवस तरी ते डिकीत टाकशील की नाही, असं मला व्हायचं. ती टाकत नव्हती, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग ती सकाळ आली. दिरानं पट्टा बांधला, खट् वाजलं, विचारून झालं. आम्ही गावाची कमान ओलांडली आणि मी तिच्या खांद्यावर टपली मारली. "थांब जरा. आज मला बी घालून बघू दे की तुझं बाशिंग."

"अक्का, आता? उशीर व्हायलाय."

"व्हय व्हय, नवऱ्यानं बांधलेलं सोडवत न्हाई तुला."

ते तिला लागलं. तिनं काढून दिलं. मीच पट्टा बांधला. आत अजून तिची ऊब होती, तिच्या खोबरेल तेलाचा वास होता. माझ्या हनुवटीखाली घट्ट बसलं आणि खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, असं असतं होय हे. कुणीतरी आपल्याला सांभाळतंय असं.

पुढच्या गावापाशी आठवड्यापूर्वी ट्रकनं एकाला उडवलं होतं. गाव रस्त्यावर बसलं, गतिरोधक हवा म्हणून. मागणी वाजवी होती आणि ती ऐकलीही गेली. आदल्या संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा तिथं काही नव्हतं. रात्रीतून डांबराचा उंचच्या उंच ढिगारा टाकला होता. वर पांढरा पट्टा नाही, आधी पाटी नाही. काळ्या रस्त्यावर काळा उंचवटा. जावेला दिसला तेव्हा स्कूटी त्याच्यावर चढली होती.

माझं डोकं कडेच्या दगडावर आपटलं. कानात मडकं फुटल्यासारखा आवाज झाला, आणि मी उठून बसले. कोपर खरचटलं होतं, बस्स. ती मात्र रस्त्यावर आडवी होती, डोळे अर्धे मिटलेले, कानातून रक्त.

आता जे सांगायचं त्यासाठीच एवढं सगळं सांगितलं. शेतातून माणसं धावत येत होती. मी आधी तिच्याकडे नाही गेले. मी आधी पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि स्कूटीच्या चाकापाशी ठेवून दिलं. मग तिच्याकडे गेले आणि मोठ्यानं रडले.

बीदरच्या दवाखान्यात तिच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. दीर बाहेरच्या बाकावर बसून असायचा, मांडीवर ते हेल्मेट. पट्टा लावायचा, ओढायचा, सोडायचा. खट्, खट्. "मी सोता बांधलो होतो, वैनी. आवाज बी आलता. सुटलं कसं? माझ्याच हातनं ढिलं राहिलं बघा." मी त्याच्या हातात चहाचा कप द्यायचे आणि म्हणायचे, "असू दे, तुमचा काय दोष." त्याला आत सोडलं की तो तिचे तळपाय चोळत बसायचा. काचेतून ते बघताना माझ्या पोटात दुखायचं. तेव्हाही! ती मरणाच्या दारात होती आणि मला तिच्या तळपायांचा हेवा वाटत होता.

ती शुद्धीवर आली तेव्हा त्यानं पहिलं तेच विचारलं, "कसं सुटलं गं?" तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ध्यानात न्हाई."

ती घरी आली. केस भादरलेले, डाव्या कानानं ऐकू येत नाही, उभी राहिली की चक्कर. स्कूटी गेली. मी आमच्या यांच्या मोटारसायकलवर कामाला जाऊ लागले. दीर मात्र रोज सकाळी ओसरीवर ते खरवडलेलं हेल्मेट घेऊन बसायचा आणि पट्टा ओढून बघायचा. लोक म्हणायचे, बघा, हेल्मेट असून काय झालं, नशिबात असतं ते होतंच. आणि तोही मान डोलवायचा. गावात ज्या दोन-चार पोरांनी तिचं बघून हेल्मेट घातलं होतं, त्यांनीही सोडलं.

एका सकाळी तो तसाच पट्टा ओढत होता. आमचे हे गाडी पुसत होते, जाव उंबऱ्यात डोक्याला रुमाल बांधून बसली होती. माझ्या तोंडून निघून गेलं. "भाऊजी, ते सुटलं न्हाई. ते माझ्या डोक्यात होतं. मीच मागून घेतलं, आन् पडल्यावर मीच काढून ठिवलं."

त्यानं हेल्मेट खाली ठेवलं, उठला आणि आत गेला. आमच्या यांच्या हातातलं फडकं थांबलं.

जाव भिंतीला धरून उठली. हेल्मेट उचललं, हळूहळू माझ्यापाशी आली. "मला ध्यानात होतं, अक्का," ती म्हणाली. मग दोन्ही हातांनी ते माझ्या डोक्यात घातलं. पट्टा लावताना तिची बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा खट् वाजलं.

"घट्ट व्हायलंय का?" तिनं विचारलं, आणि उत्तर ऐकायला उजवा कान पुढं केला.