गाडी गार होईपर्यंत

आमचे हे आखातात ट्रेलर चालवायचे आणि मला पत्रांऐवजी कॅसेट पाठवायचे. माल उतरायची वाट बघत केबिनमध्ये बसायचे, टेपचं बटण दाबायचे आणि बोलायचे. बाहेर ऊन इतकं की गाडी बंद ठेवणं शक्य नसे, त्यामुळे त्यांच्या बोलण्यामागे कायम इंजिनाची घरघर. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी त्या घरघरीशीच संसार केला. महाडला आमच्या मोहल्ल्यात निम्म्या बायकांची तीच गत होती, पण म्हणून मला काही ती गोड लागत नव्हती. मी मुळात फटकळ. प्रत्येक कॅसेटला माझं उत्तर एकच असायचं: आता पुरे झालं, या.

त्या वर्षी ते रजेवर आले ते मनाशी ठरवूनच. इथे एखादा जुना ट्रक घ्यायचा, एमआयडीसीचा माल वाहायचा. रजा संपायच्या आत चांगली गाडी मिळाली तर राहायचं, नाही मिळाली तर परत. परतीचं तिकीट कपाटात होतं. कपाट उघडलं की मी तिकिटाकडे न बघता हवे ते कपडे घ्यायची.

गाड्या बघण्यात महिना गेला. एक निळा धूर टाकत होती, म्हणजे ऑइल खात होती. एकीचा आवाज दबावा म्हणून मालकाने आत जाड ऑइल ओतलं होतं. ह्यांचं म्हणणं सरळ होतं. रंग, टायर, बॉडी सगळं मागाहून करता येतं. इंजिनात दम नसेल तर माल भरून कशेडी घाट चढताना गाडी मधेच मरते आणि मागे येते. मागे काय असेल ते असेल. आणि इंजिन बघायचं ते सकाळी, गार असताना. तापवलेलं इंजिन कुणाचंही चालतं. हे सगळं ते रात्री जेवताना मला सांगायचे, आणि मी ऐकता ऐकता पोरीच्या तोंडात घास कोंबायची.

शेवटची गाडी पोलादपूरला होती. तिकिटाला आठवडाही उरला नव्हता. विकणारे माझ्या आईच्या नात्यातले चाचा, म्हणून मीही बरोबर गेले. जानेवारीतली थंडीची सकाळ होती. आम्ही पोचलो तेव्हा चाचांच्या अंगणात गाडी पुसून-बिसून उभी होती.

"चार दिस झाले, सेल्फ मारला नाय," चाचा म्हणाले. "तुमच्यासाठीच ठेवली हाय. आधी चा घ्या."

चाचीने चहाबरोबर भाकरी आणि जवळ्याची चटणीही वाढली. खाऊन झालं आणि हात धुवायला मी गाडीच्या पलीकडे, पिंपाजवळ गेले. हात धुता धुता मला मांजर दिसली. पुढच्या चाकावर चढून, इंजिनाला अंग चिकटवून ती गाढ झोपली होती. आमच्या घरची मांजर निवत आलेल्या चुलीला चिकटून झोपते, अगदी तशी.

मी वाकून आत हात घातला. लोखंड ऊबदार होतं.

हात तसेच ओले ठेवून मी उभी राहिले. हे कुणी पाहिलं नव्हतं. मी तोंड मिटून घेतलं असतं तर गाडी घरी आली असती, आणि माणूस पण. मला ती गाडी हवी होती. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला इंजिनाचं काही पडलेलं नव्हतं.

मी पुढे आले तेव्हा ह्यांनी बॉनेट उघडलं होतं. आत हात घातला, जरा वेळ तिथेच ठेवला, काढून घेतला. चाचांनी सेल्फ मारला आणि गाडी एका फटक्यात चालू झाली. मांजर उडी मारून पळाली. धूर स्वच्छ, आवाज एकसारखा. चाचा ह्यांच्या तोंडाकडे बघत होते, मीही बघत होते.

"चालेल," हे म्हणाले, आणि बयाण्याचे पैसे काढायला त्यांनी खिशात हात घातला.

तेव्हा मला कशेडीचं वळण दिसलं आणि मागे मागे येणारी भरलेली गाडी दिसली. माझं तोंड काही माझं ऐकत नाही.

"चाचा, गाडी चार दिवस बंद होती तर मांजर तिथं ऊब घेत का निजली होती?"

चाचा हसले. "मांजरीचं काय गो, कुठं पण निजतंय."

"मी हात लावून बघितलाय."

चाचीच्या हातातला पेला तसाच राहिला. हे माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत राग होता. चाचांवरचा नव्हे, माझ्यावरचा. मग खिशातला हात बाहेर आला.

"बंद करा चाचा," ते म्हणाले. "गार होऊ दे. आम्ही बसतो."

आम्ही ऊन कलेपर्यंत बसलो. चाची चहा आणत राहिली आणि पेले तसेच गार होत राहिले. गाडी इतकी जवळ होती की बोलण्यासारखं दुसरं काही नव्हतं आणि तिच्याबद्दल बोलायची सोय नव्हती. शेवटी चाचा स्वतःच उठले. सेल्फ घरघरला, थांबला. पुन्हा मारला, पुन्हा थांबला. कधीतरी ती ठोके देत चालू झाली आणि अंगणात एवढा पांढरा धूर झाला की कोंबड्या ओरडत परसात पळाल्या. चाचांनी मान वर केली नाही. ह्यांनी चपला घातल्या.

हायवेवर एसटीची वाट बघत आम्ही उभे होतो. कशेडीकडून ट्रक उतरत होते.

"मला ठावं होतं," हे म्हणाले. "बॉनेटमधी हात घातला तेव्हाच कळलं."

"मग घेत का होता?"

"मला जायचं नाय गो."

मी त्यांना तिथेच, माणसांदेखत, वाट्टेल ते बोलले. मरायचं होतं का, पोरीला काय सांगितलं असतं मी, सगळं. बोलता बोलता रडायला लागले. त्यांनी नुसती माझी पिशवी आपल्या हातात घेतली.

तिकिटाच्या तारखेला ते गेले.

पहिली कॅसेट आली तेव्हा मी दार लावून ती लावली. तब्येत, पगार, पोरीचा अभ्यास, असं बोलत होते. मागे इंजिन चालू होतं. मी पुन्हा मागे नेऊन ऐकलं. कुठे ठोका नाही, कुठे दम तुटत नाही. फार चांगलं इंजिन होतं. त्या इंजिनाचा आला तेवढा राग मला चाचांचाही आला नव्हता.