मूल कोण होणार?

भोईवाड्यात मंडळाच्या हॉलमध्ये हट्टी मुलांच्या घरच्यांसाठी प्रशिक्षण होतं. माझा मुलगा रागावला की जमिनीवर अंग टाकतो, म्हणून मीही जात होते. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "मूल ओरडलं की आपण ओरडायचं नाही. आधी काय घडलं ते बघायचं. चला, एकाने मूल व्हा."

नातवासाठी आलेले एक आजोबा उठले. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, रुमाल पसरून त्यावर डोकं टेकलं आणि हातपाय आपटत असा गळा काढला, की खालचा इस्त्रीवाला वर धावत आला.

"छान. उठा आता," ताई म्हणाल्या.

आजोबा उठेनात.

आम्ही शिकवल्याप्रमाणे कारण शोधू लागलो. मघाशी चहाचा ट्रे त्यांच्या रांगेपाशी येऊन मागे वळला होता, हे कुणाला तरी आठवलं. एका बाईने लगेच आपला कप पुढे केला. दुसरीने तिचा हात धरला. "आता दिलात तर सवय लागेल." यावरून हॉलमध्ये दोन गट पडले आणि चहा निवला.

शेवटी ताई त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. "आजोबा, काय हवंय तुम्हाला?"

त्यांनी एक डोळा उघडला. "चहा नको, बाय. घरी माझ्याकडे एवढा वेळ कोण बघत नाय. अजून थोडं बघा."

आम्ही बघत बसलो.

पुढच्या शनिवारी ताईंनी विचारलं, "आज मूल कोण होणार?"

सगळ्या हॉलचे हात वर गेले. माझा सगळ्यांच्या आधी.