वळणावरचा खांब

वुब्बो हारेन्सनं रोवलेला खांब हलत नाही, हे आमच्या बेटावर कुणाला समजावून सांगावं लागत नसे. एकतीस वर्षं त्यानं हेच काम केलं. बेट आणि पलीकडच्या किनाऱ्यावरचं हार्केरझील बंदर यांच्यामधला समुद्र ओहोटीला निघून जातो, मागे मैलोन्‌मैल ओली वाळू आणि चिखल उरतो, आणि त्यातून वळणं घेत जाणारी पाण्याची एकच वाट राहते. भरती आली की सगळीकडे सारखंच पाणी. मग वाट कुठली नि उथळ कुठलं, हे सांगायला फक्त खांबांची रांग. बेटाकडे येताना ती डाव्या हाताला ठेवायची, बस्स. खांब म्हणजे तासलेला वासा नव्हे. बर्चचं कोवळं झाड, सहा-सात मीटर लांब, खालच्या फांद्या छाटलेल्या आणि शेंड्याचा झाडू तसाच ठेवलेला, लांबून दिसावा म्हणून. दर हिवाळ्यात पाण्यावरून वाहत येणारा बर्फ निम्मी रांग मोडून नेतो आणि दर वसंतात कुणाला तरी ती पुन्हा लावावी लागते. ते कुणीतरी म्हणजे वुब्बो.

वाळूत खांब रोवणं सोपं वाटतं, म्हणून नवशिके तिथंच फसतात. ठोकून तो जात नाही. ओली वाळू हातोड्याला दाद देत नाही, वर झाड तेवढं फाटतं. वुब्बोच्या बापाच्या वेळी खांब दोन्ही हातांनी धरून मागेपुढे डोलवत बसायचे. डोलवला की वाळू पातळ होते आणि खांब इंचाइंचानं उतरतो. पुढे पंप आला. आता खांबाला लोखंडी नळी बांधायची, पाणी सोडायचं, बुडाची वाळू उकळल्यासारखी होते आणि झाड स्वतःच्या वजनानं खाली जातं. दोन मीटर गेलं की पाणी बंद. घोटभर चहा पिऊन होईपर्यंत वाळू त्याला आवळून धरते. मग वुब्बो काय करायचा, तर दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारायचा आणि गुडघे वर घेऊन लोंबकळायचा. शेंडा थरथरला तर चालेल, बूड हललं तर खांब काढून पुन्हा रोवायचा. भल्या दांडग्या माणसाला असं झाडाला लटकलेलं पाहून लोक म्हणायचे, "गेशेला कधी एवढी घट्ट मिठी मारली होतीस का रे?" वुब्बो म्हणायचा, "गेशेला बर्फ वाहून नेत नाही."

गेशे त्याची बायको. ठेंगणी, रुंद खांद्यांची, आणि आवाज असा की तिनं मागच्या दारातून कोंबड्यांना हाक मारली तर पुढच्या गल्लीतल्या येतील. दर वसंतात ती त्याच्याबरोबर बोटीत असायची. वुब्बोला वाटे, लोकांच्या लेखी ती सोबतीला जायची, चहाची किटली सांभाळायला. वुब्बोनं कुणाचा हा समज कधी दुरुस्त केला नाही. खरी गोष्ट अशी होती की खांब कुठं रोवायचा हे गेशे ठरवायची. बोटीच्या टोकाला उभी राहून ती लाल-पांढरे पट्टे मारलेली काठी पाण्यात सोडायची. किती वीत पाणी, आणि काठीच्या टोकाला खाली काय लागतं, दोन्ही ओरडून सांगायची. "नऊ, वाळू! सात, वाळू! तीन, चिखल!" वाट जिथं संपते आणि उथळ जिथं सुरू होतं, ती कड तिच्या मनगटाला कळायची. वुब्बोच्या मनगटाला कळत नसे. त्यानं दोन-तीनदा काठी हातात घेऊन पाहिली होती आणि गुपचूप परत दिली होती. मग ती म्हणायची, "इथंच." आणि वुब्बो पंप सुरू करायचा.

पंचवीस वर्षं झाली तेव्हा बंदर-मंडळानं वुब्बोला जस्ताची थाळी दिली, वर रांगेचं चित्र कोरलेली. वुब्बो उठला, "आभारी आहे" म्हणाला आणि बसला. गेशेनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तिनं थाळी खिडकीपाशी लावली आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं वुब्बोला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

नोव्हेंबरात गेशे गेली. तीन आठवड्यांचं दुखणं, बोटीनं किनाऱ्यावरच्या इस्पितळात नेली आणि त्याच बोटीनं परत आणली. त्या हिवाळ्यात समुद्रावर बर्फही बेताल आला. मार्चमध्ये वुब्बो एकटाच निघाला. कुणी म्हणालं, "माझा भाचा देतो सोबतीला." वुब्बो म्हणाला, "किटली मला उचलता येते."

पहिल्या ओहोटीलाच त्याला कळून चुकलं की बोट धरणं, खांब धरणं आणि काठीनं पाणी मोजणं ही एका माणसाची कामं नव्हेत, आणि मोजलं तरी त्याला कड सापडणार नाही. बर्फानं खांब वरून कापून नेले होते, पण बुंधे वाळूत तसेच होते, वीतभर वर आलेले. वुब्बोच्या खांबांचं बूड बर्फालाही उपटता आलं नव्हतं. ते बघून त्याला हायसं वाटलं. ही गेल्या वर्षीची जागा, गेशेनं दाखवलेली. ती कशी चुकेल? त्यानं प्रत्येक बुंध्याशेजारी हातभर अंतरावर नवा खांब रोवला. एकही मोजला नाही. नऊ ओहोट्यांमध्ये रांग उभी राहिली, आणि इतकी सरळ, इतकी पक्की रांग आपण कधी लावली नव्हती असं त्याला स्वतःलाच वाटलं. प्रत्येक खांबाला तो लटकला. एकही हलला नाही.

पण इथलं पाणी जागा बदलतं. मोठ्या वळणावर वाट त्या हिवाळ्यात चाळीस मीटर पूर्वेला सरकली होती, आणि वुब्बोचा खांब जुन्या जागी होता.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी त्यार्क युकेनची फेरीबोट त्या वळणावर वाळूत चढली. बोटीत साठ पाहुणे, ईस्टरच्या न्याहारीचा बेटाचा सगळा पाव, आणि प्रार्थना सांगायला निघालेले पाद्रीबुवा. पाणी उतरत होतं. म्हणजे पुढची भरती येईपर्यंत हलणं नाही. सहा तास! आमच्याकडे वाळूत बसणं म्हणजे भर चौकात विजार सुटण्यातलाच प्रकार. सगळं बेट समुद्राकाठच्या बांधावर जमलं, दुर्बिणी आल्या, कुणी खुर्च्याही आणल्या. दुपारी बोटीवरचा चहा संपला. पाद्रीबुवांनी पाहुण्यांना गाणी म्हणायला लावली आणि ती बांधावर ऐकू येत होती. वुब्बो बांधावर गेला नाही. घरी खिडकीशी बसून तो ती गाणी ऐकत होता, आणि त्याच्यासमोर ती थाळी होती.

मंगळवारी बंदर-मंडळाची बैठक भरली, टपालकचेरीमागच्या खोलीत. फोल्के ही मंडळाची अध्यक्ष, टपालही तीच वाटायची, त्यामुळे बेटावरचं काहीच तिच्यापासून लपत नसे. विषय एकच होता. रांगेचं काम वुब्बोकडे ठेवायचं की किनाऱ्यावरच्या कंत्राटदाराला द्यायचं, जो यंत्र आणून दोन दिवसांत सगळं उरकेल? वुब्बोनं पहिल्याच कपात चमचा ठेवला, म्हणजे आता चहा पुरे. आमच्याकडे तीन कपांआधी चमचा ठेवणं म्हणजे यजमानाला टाकून बोलणं. फोल्केनं चमच्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं.

त्यार्क उभा राहिला. चार दिवसांत त्याला इतक्या जणांनी चिडवलं होतं की त्याचे कान लाल ते लालच होते. "खांबाचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "माझी बोट त्याला घासत गेली तरी गडी जागचा ढिम्म हलला नाही. फक्त तो उभा होता भलत्या जागी. इतक्या भलत्या जागी इतका पक्का खांब मी जन्मात पाहिला नाही!"

खोली हसली. वुब्बो हसला नाही.

फोल्के मनानं चांगली बाई. ती म्हणाली, "वुब्बो, खांब लागल्यावर ते वादळ झालं होतं ना, दोन दिवसांचं? त्यातच पाणी सरकलं असणार. असंच ना?"

असं म्हणून तिनं त्याला दारच उघडून दिलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. वादळ खरंच झालं होतं, कुणी शंका घेतली नसती, रांग त्याच्याकडेच राहिली असती. आणि रांगेशिवाय त्याच्याकडे उरलं होतं तरी काय? वुब्बो मान हलवणारच होता. मग त्याच्या डोळ्यांपुढे थाळी आली, आणि टाळ्या वाजवणारी गेशे.

"नाही," तो म्हणाला. "वादळाचा काही संबंध नाही. मी मोजलंच नाही. गेल्या सालच्या बुंध्यांवरून खांब लावले."

"एकतीस वर्षं काम करून?" मागून कुणीतरी म्हणालं.

"मी एकतीस वर्षांत कधीच मोजलं नाही. मला कड कळत नाही. खांब मी रोवायचो. कुठं रोवायचा ते गेशे सांगायची. प्रत्येक खांब. गेल्या सालचे बुंधे तिचे होते, म्हणून वाटलं..." पुढचं वाक्य त्याच्यानं पुरं झालं नाही. "ती थाळी तिची होती. मी घेतली आणि बसलो. बस्स, एवढंच सांगायचं होतं. द्या काम त्या कंत्राटदाराला."

त्यार्क अजून उभाच होता. तो खाली बसला, मग पुन्हा उठला.

"हे तू आम्हाला सांगतोयस?"

"तुम्हालाच. दुसरं कोण आहे इथं?"

"अरे बाबा, तिचा आवाज! ओहोटीच्या वेळी वारा पश्चिमेचा असला की पार बंदरापर्यंत यायचा. 'सात, वाळू!' माझी आई चहा ओतता ओतता म्हणायची, गेशे वळणाशी पोचली बघ. 'तीन, चिखल!' म्हटलं की म्हणायची, आता खांब लागतोय. अर्ध्या बेटाला वाटेची खोली पाठ असायची!"

फोल्के म्हणाली, "मग ती थाळी आपण वुब्बोला का दिली?"

"हात यानं पुढं केला!" त्यार्क म्हणाला.

पुन्हा हशा पिकला, या वेळी वुब्बोला बघून नव्हे, त्याच्यासकट. पण वुब्बोचा चेहरा लाल झाला होता आणि तो रागानंच म्हणाला, "सगळ्यांना ठाऊक होतं तर कुणी बोललं का नाही? ती जिवंत होती तोवर?"

फोल्केनं किटली खाली ठेवली. "आम्हाला वाटलं, तू बोलशील."

वुब्बोनं कपातला चमचा उचलून बशीत ठेवला. फोल्केनं कप भरला, वर साईचा थेंब सोडला, आणि मंडळाच्या वहीत लिहिलं की रांग वुब्बो हारेन्सकडेच राहील, मात्र मोजायला बोटीत दुसरं माणूस हवं. "कोण जातं?" तिनं विचारलं.

"मीच जातो," त्यार्क म्हणाला. "सहा तास बसलो होतो तिथं. त्या वळणाचं पाणी माझ्याइतकं कुणी निरखलेलं नाही."

दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला दोघं निघाले. आधी भलत्या जागचा खांब काढायचा होता, आणि तो निघेना. वुब्बोनं आजवर स्वतःचा चांगला लागलेला खांब कधी उपटला नव्हता. नळीनं पाणी सोडलं, दोघांनी डोलवला, त्यार्कनं दोराचा फास टाकून बोटीच्या रहाटानं ओढला, तेव्हा कुठं अर्ध्या तासानं तो वाळूतून सुटला. त्यार्क चिखलानं माखला होता. "एवढा पक्का रोवायचा कशाला?" तो म्हणाला. वुब्बोला या प्रश्नाचं नवल वाटलं. "मग कसा रोवायचा?"

मग बोट पूर्वेला घेतली. त्यार्क टोकाशी बसून गेशेची काठी पाण्यात सोडू लागला. माणूस वाकबगार होता, वीस वर्षं या पाण्यात गेली होती, पण बोलायचा पुटपुटल्यासारखा. "नऊ, वाळू. नऊ, वाळू."

"मोठ्यानं," वुब्बो म्हणाला.

"इंजिन बंद आहे. तू चार हातांवर बसलायस."

"ठाऊक आहे. मोठ्यानं ओरड."

त्यार्कनं मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. मग तो उभा राहिला, पाय फाकवून नीट तोल सांभाळला, आणि असा ओरडला की वाळूवरचे पक्षी भर्रकन उडाले.

"सात! वाळू!"

आवाज पाण्यावरून बांधाकडे गेला.

"तीन! चिखल!"

आता एक शब्द राहिला होता, आणि एकतीस वर्षांत तो वुब्बोनं एकदाही उच्चारला नव्हता. त्यार्क काठी तशीच धरून वाट बघत होता.

"इथंच," वुब्बो म्हणाला आणि त्यानं पंप सुरू केला.