वस्ती गेली म्हणजे सगळे लेफ्ट

"तू कशी काय आलीस? तू तर लेफ्ट."

हजेरी घेता घेता गुरुजी म्हणाले. मी तिसरीत होते, पुढच्याच रांगेत बसलेली. म्हटलं, "ही काय, मी शे ना गुरुजी."

"काल तुमच्या वस्तीचा ट्रक गेला. वस्ती गेली म्हणजे सगळे लेफ्ट. ऊठ तिथून."

दिवाळी झाली की आमची भिलाटी, म्हणजे भिलांची सगळी वस्ती, ऊस तोडायला गुजरातेत जायची. बापानं मला फुईजवळ, म्हणजे त्याच्या बहिणीजवळ, मागं ठेवलं होतं. का, तर शाळा बुडू नये. बागायतदारांची पोरं हसली. मी उठले, दारात जाऊन बसले. मग वर्षभर माझं नावच 'लेफ्टी'.

त्या रागानं मी इंग्रजी शिकले, असं मी नातेवाइकांना सांगते. खरं म्हणजे इंग्रजीत दोनदा नापास झाले. डी.एड.ला असताना डिक्शनरीत तो शब्द भेटला. लेफ्ट म्हणजे निघून गेलेला. आणि लेफ्ट म्हणजे मागं उरलेलासुद्धा. ट्रकमधला बाप त्यात होता, दारात बसलेली मीही होते. गुरुजींना अर्धाच ठाऊक होता, म्हणत लग्नाबारशांत हा किस्सा मी इतका वाजवला की मी तोंड उघडलं तर नवरा पाणी प्यायला उठतो.

आता मीच शिक्षिका आहे, शहाद्याकडच्या एका शाळेत. यंदा दिवाळीनंतर हेडसर म्हणाले, "मॅडम, वस्तीचा ट्रक गेला ना? पोरं पटावर लेफ्ट करून टाका."

टाकली. सगळी. एका घरात डोकावले नाही. आणि मला तर शब्दाचा पुरा अर्थ ठाऊक.

मधल्या सुट्टीत त्याच वस्तीतली, माझ्या वर्गातली सुमली ताट घेऊन खिचडीच्या रांगेत. हेडसर म्हणाले, "ही लेफ्ट आहे. ताट ठेव गं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "बाई, मी शे ना."

मी डबा उघडला. मान खाली घालून भाकरी खाल्ली. सगळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सुमली आली नाही. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. माय ओली बाळंतीण, म्हणून दोघी थांबलेल्या. बाळाला पदराखाली घेत ती म्हणाली, "तुम्ही तं आमन्याच शेतस ना बाई?"

आमच्यातल्याच ना, असं ती विचारत होती.

सकाळी हेडसरांना सांगितलं, "सुमलीचं नाव परत लिहिलंय."

"वर कळवून झालं मॅडम. आता राहू द्या."

"चूक माझी आहे. तसं लेखी देते. नोटीस काढा, घेईन."

सुमली आता वर्गात बसते, खिचडी खाते. माझ्याशी बोलत नाही. न बोलो, तो तिचा हक्क. पुढच्या दिवाळीला ट्रक भरताना मी तिथं उभी असेन. घरोघर विचारीन. कोण चढलं, कोण थांबलं, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकाही पोराच्या नावावर माझा पेन चालणार नाही. सांगणारा कुणीही असो.