गयेचा ताव

भट्टीतली राख रोज उपसून टाकता येते. किस्से कुठे टाकणार? साठतात मेले! अकोल्याच्या जुन्या शहरात आमचा लोहारखाना होता, आणि तिथले निम्मे किस्से माझ्या धाकट्या जावेचे, गयेचे. सांगताना अजून जळफळाट होतो. तरी सांगते.

*

आम्ही वखराची पास बनवायचो, म्हणजे माती खरवडणारं आडवं पातं. नुसतं जुन्या कानशीचं पोलाद घेतलं तर दगडाला लागून तुटतं. नुसतं बैलगाडीच्या चाकावरच्या धावेचं लोखंड घेतलं तर वाकतं. म्हणून दोन्ही तापवून एकजीव करायचं आणि कापसाच्या जिनिंगच्या भंगारातून आणलेल्या दोन रुळांमधून दाबून काढायचं. रूळ फिरवायची मी. "आता!" म्हणायची गया, भट्टीपाशी बसून. मी थोरली असून!

*

एकदा तिला न विचारता मी भट्टीतून काढल्या काढल्या, पांढराफटक ताव असतानाच पट्टी रुळात घातली. लोण्यासारखी सरकली! ऐटीत सासऱ्यांकडे पाहिलं. मामाजींनी ती निवल्यावर दगडावर आपटली. दोन तुकडे!

गया म्हणाली, "जाऊबाई, घाई कावून करता? पांढरा ताव उतरून लाली येऊ द्या, मंग दाबा. जोर लागते, पण चिवट होते."

जोर कोणाला लागतो? मला!

*

नागपूरहून शेतकी खात्याचा साहेब आला. "किती डिग्रीवर दाबता?"

"पिकल्या भेदरावानी दिसलं का," गया म्हणाली.

साहेब गोंधळला. भेदर म्हणजे टमाटा, हे मीच त्याला सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं, खाली नाव मात्र गयेचं! दुकानांच्या पाट्या बघून बघून मी अक्षरं शिकले होते, म्हणून वाचता आलं. नसतं आलं तर बरं होतं!

*

मग गया आठ दिवस माहेरी गेली. भट्टी माझी! नवऱ्याला रुळावर उभं केलं, लाली येईस्तोवर दातओठ खात थांबले आणि एक पास काढली. तेवढ्यात तेल्हाऱ्याचा एक शेतकरी दारात.

"गयाबाईच्या हातची पास पायजे. दुसरी नको."

"मीच गया," मी म्हटलं.

पुढच्या हंगामात तो परत आला. गया भट्टीपाशी, मी रुळावर. तो तिला ओलांडून थेट माझ्यापुढे आला आणि हात जोडले.

"गयाबाई, सारं मुरमाड वावर वखरलं. पास ना वाकली, ना तुटली! तशीच आणखी एक द्या."

रूळ थांबला. मामाजी माझ्याकडे बघतात, नवरा जमिनीकडे.

गया उठली. लुगड्यावरची राख झटकली आणि मला म्हणाली, "या गयाबाई, बसा भट्टीपाशी. रूळ मी फिरवते."