बेटाचा निकाल

राहू गावाजवळच्या आमच्या म्हाताऱ्या नावाड्याला सगळे आप्पा म्हणत. मला कॉलेजच्या वाटेवर त्यांनीच भीमा पार करून दिली.

नदीतल्या बेटावर त्यांच्या आजोबांचा कलिंगडाचा मळा होता. दोन्ही काठांचे राजे बेटासाठी भांडले, तेव्हा मुख्य धार कुठून वाहते ते बघायला गोऱ्या साहेबानं पाण्यात भोपळा सोडला. तो बेटाच्या अलीकडून, आमच्या काठानं वाहिला. तीच हद्द धरून साहेबानं बेट पलीकडच्यांना दिलं.

आप्पा दरवर्षी पूर ओसरला की भोपळा सोडत. तो अलीकडूनच जाई. "नदीला कवातरी दया यील," म्हणत.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पुरात पात्र बदललं. भोपळा पलीकडून गेला.

"आप्पा, बेट तुमचं झालं," मी म्हणालो.

त्यांनी वल्हं आडवं ठेवलं.

"राजं गेलं, सायेब गेला. तू शिकलास, सांग, आता दाखवू कुणाला?"