पंगतीतले सांगाडे

छापलेले कागद दोरीवर टाकले, की शाई वाळायच्या आत एक किस्सा तयार होतो! खर्डीजवळच्या आमच्या घरात, भाताच्या गोण्यांच्या खोलीत मी छापायचं यंत्र मांडलंय. बाबांनी मुदत दिली होती, "भात घरात आला, का तुजं यंत्र भायेर!"

कॉलेजात मेक्सिकोची जुनी छापचित्रं पाहिली होती. स्वस्त कागद, रस्त्यावर विक्री आणि घराघरातल्या ढोंगाची टिंगल. नवरा, बायको, सासू, सगळे सांगाडे, पण काय तो थाट! म्हटलं, हे तर आमचंच घर.

पहिलं चित्र पाहून काका दारातच थबकले.

"कोणाचं तेरावं हाय?"

"कुटुंब आहे, काका."

"मग हसतात कशाला?"

मग मुलगी बघायचा कार्यक्रम छापला. सोफ्यावर मुलाकडचे सांगाडे, समोर पोह्यांची बशी धरलेली सांगाडा मुलगी. टोकावड्याच्या आत्यानं चष्मा लावला. "पोरगी लय बारीक दावलीस गो. कोण पसंत करील?"

मुलाकडच्यांच्या बरगड्यांबद्दल चकार शब्द नाही!

पंगतीच्या चित्रात चूक माझीच. लिनोच्या मऊ तक्त्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, हे घाईत विसरले. बोंबलावर ताव मारणारे सगळे पुरुष डावखुरे झाले!

काका भडकले. "सांगाडा केलास, चालंल. पन डाव्या हातानं जेवताव आमी?"

मीही तडकले. "आणि वाढणारी बाई चित्रातच नाही, ते नाही खुपलं?"

"ती आत असंल."

पंगत पुन्हा कोरली. तोवर भात झोडून झाला, गोण्या अंगणात आल्या. मी शाईचे रूळ पेटीत भरत होते. एरवी फक्त चहा ठेवायला येणारी आई लिनोवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "मला बसव इथं."

"तिथं? बाबांच्या उजवीकडं?"

"छापल्यावर डावीकडं येन ना मी? पाट दे. भरलेलं ताट दे."

यंत्र बाहेर जाणार म्हणून चिडलेलीच होते, घाईघाईनं कोरलं आणि छापलं. शेवटचंच तर होतं.

बाबा खांद्यावर गोणी घेऊन आत आले. ओल्या कागदासमोर तसेच उभे राहिले.

"आमच्या ताटांत बोंबील हाय. हिच्या ताटात का नाय?"

मी कोरलाच नव्हता. आईनंही मागितला नव्हता.

बाबा गोणीसकट मागे वळले आणि अंगणात ओरडले, "गोण्या पडवीत लावा रे! पोरीला अजून कोरायचं हाय!"